प्रेक्षक तापवणारा नेव्हिल

नेव्हिल गारबट टीव्हीवर कधीच दिसला नाही. त्याचं काम कॅमेरे सुरू होण्याआधी सुरू व्हायचं आणि कॅमेरे सुरू झाले की थांबायचं. मँचेस्टरच्या ज्या स्टुडिओत मी कपडेपट सांभाळायचे, तिथे विनोदी कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग खऱ्या प्रेक्षकांसमोर होई. ओल्डम, बरी, रॉचडेल अशा गावांहून बसगाड्या भरभरून माणसं येत. तिकीट फुकट, खुर्च्या कडक आणि आत गारठा. दिवे लागले की फार तापतं म्हणून हवा आधीपासूनच थंड करून ठेवायचे. अशा कुडकुडणाऱ्या, पाय आखडलेल्या माणसांना हसतं करायचं आणि एक प्रसंग संपून दुसऱ्याचा सेट लागेपर्यंत त्यांचं हसू निवू द्यायचं नाही, हे नेव्हिलचं काम. आम्ही त्याला ‘प्रेक्षक तापवणं’ म्हणायचो.

त्याचं एक जांभळं मखमली जॅकेट होतं. कोपरांपाशी मी ते इतक्यांदा शिवलं होतं की मूळ कापड किती उरलंय याची मलाच शंका होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो दुपारीच कपडेपटात येई, बूट काढून धुण्याच्या टोपलीवर पाय टाके आणि अंड्याचं सँडविच उलगडत विचारी, “हिल, आज कोण आहेत गं?”

“बेकरीतली रिटायर झालेली मंडळी.”

“म्हणजे पहाटे चारला उठायची सवय. सात वाजता जांभया देणार.” मग डोळे मिटून घ्यायचा. तेव्हा तो जेमतेम पंचेचाळिशीचा होता, पण डोळे मिटले की साठीचा दिसायचा.

नेव्हिल हार्टलपूलचा. वडील अर्नेस्ट तिथल्या पोलाद कारखान्यात वेल्डर आणि नेव्हिल त्याच कारखान्यात हजेरी लिहिणारा कारकून. कारखाना बंद पडला. वडील घरी बसले. नेव्हिल लंडनला गेला, कारण तिथे एका मावसभावाच्या खोलीत जमिनीवर झोपायला जागा होती.

ऐंशी-एक्क्याऐंशीचे दिवस ते. लंडनमध्ये पबच्या माड्यांवर नव्या तऱ्हेचा विनोद सुरू झाला होता. जुन्या क्लबांतले विनोदवीर सासूवर, बायकांवर, काळ्या माणसांवर विनोद करत. या नव्या पोरांनी ठरवलं होतं की तसलं काही करायचं नाही. सरकारवर करायचं, पोलिसांवर करायचं, स्वतःवर करायचं. बऱ्याचदा तर विनोदच करायचा नाही, नुसतं ओरडायचं. अशाच एका माडीवर नेव्हिलला गॅरेथ प्रॉसर भेटला. स्वान्सीच्या दंतवैद्याचा मुलगा, उंच, दात इतके सरळ की पाहणाऱ्याला जाहिरात वाटावी. दोघांची जोडी जमली.

त्यांचा एक प्रसंग त्या काळी बराच गाजला. कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन संपकरी शेकोटीपाशी उभे. कारखाना कधीच बंद झालाय, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

“आज कोणालाही आत जाऊ द्यायचं नाही!” गॅरेथ गरजायचा.

“पण कोणी येतच नाहीये,” नेव्हिल म्हणायचा.

“बघ! एकजूट म्हणतात ती हीच!”

“मालकपण आला नाही.”

“तोसुद्धा आपल्या बाजूचा झाला!”

खाणकामगारांच्या मोठ्या संपात दोघांनी हा प्रसंग गावोगावच्या सभागृहांत, फुकट जेवणाच्या रांगांसमोर केला. नेव्हिल म्हणायचा, “लोक हसायचे आणि हसता हसता आमच्याकडे असे बघायचे, की मला पुढचं वाक्य आठवायचं नाही.”

मग टीव्हीवाले आले. दोघांनाही घेतलं, असं नेव्हिल मुद्दाम सांगायचा. कोणी त्याला फसवलं नव्हतं. चाचणीचा एक भाग रेकॉर्ड झाला, तो मी नंतर पाहिलाय. गॅरेथ पडद्यावर दुप्पट उजळलेला. नेव्हिल मात्र कॅमेऱ्यासमोर असा उभा, जणू पासपोर्टच्या फोटोला उभा आहे. पुन्हा पुन्हा त्याची नजर कॅमेरा सोडून पलीकडच्या खुर्च्यांकडे जायची. माणसं समोर असताना काचेकडे बघून कसं बोलायचं, हे त्याला कधी जमलंच नाही. कार्यक्रम गॅरेथला मिळाला. गॅरेथला वाईट वाटलं आणि त्यानेच शब्द टाकून नेव्हिलला प्रेक्षक तापवायचं काम लावून दिलं. थोडेच दिवस, दुसरं काही मिळेपर्यंत, असं म्हणाला. दुसरं काही मिळालं नाही.

वर्षं गेली. गॅरेथचे कार्यक्रम येत राहिले, त्याची गाडी बदलली, बायको बदलली. नेव्हिल माझ्या टोपलीवर पाय टाकून बसत राहिला. दोघांत भांडण असं कधी झालं नाही. गॅरेथ मेकअप करून आला की नेव्हिलच्या हातातलं अर्धं सँडविच घ्यायचा आणि म्हणायचा, “कसे आहेत रे आज?”

“तिसऱ्या रांगेत एक बाप्या आहे, चेकचा कोट. तो हसला की बाकीचे हसतात. त्याच्याकडे बघून बोल.”

गॅरेथ त्याच्याकडे बघून बोलायचा आणि सगळे हसायचे. नेव्हिल पडद्याआड उभा राहून पाणी प्यायचा. मी एकदा त्याला विचारलं, तुला राग नाही येत? तो म्हणाला, “येतो गं, पण राग धरून ठेवायला ताकद लागते. माझे पाय दुखतात.”

शहाण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. त्या दिवशी तो आला तो सँडविचशिवाय. सकाळी हार्टलपूलहून शेजारणीचा फोन आला होता. म्हातारा अर्नेस्ट घरातल्या सपाता घालून, डबा हातात घेऊन कारखान्यावर गेला होता. कारखाना पाडून तिथे गालिच्यांचं मोठं दुकान झालेलं. हा दारात उभा राहून दुकानातल्या मुलींना विचारत होता, माझी शिफ्ट सुरू झाली, मला आत का घेत नाही?

“तू जा,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता गाडीत बस. मी सांगते इथे.”

“काय सांगशील? हसवणाऱ्याचा बाप हरवला होता, पण सापडला?” तो जॅकेट घालू लागला. “शेजारीण आहे त्यांच्याजवळ. उद्या पहिल्या गाडीने जातो.”

रेकॉर्डिंग सुरू झालं आणि दुसऱ्याच प्रसंगाला सेटच्या वरची पाण्याची नळी फुटली. धो-धो पाणी, खाली दिवे, विजेच्या तारा. सगळी वीज बंद केली. फक्त बाजूच्या भिंतीवरचे पिवळे दिवे आणि आवाजाची यंत्रं तेवढी चालू राहिली, कारण त्यांची जोडणी वेगळी होती. निर्माता एड्रियन फेल धावत आला. हडकुळा, सतत घड्याळ बघणारा माणूस.

“प्रेक्षकांना सोडायचं नाही,” तो नेव्हिलला म्हणाला. “गेले तर भाग गेला. धरून ठेव.”

“किती वेळ?”

“दुरुस्त होईपर्यंत!”

नेव्हिलने धरून ठेवलं. ठेवणीतलं सगळं काढलं. गावावरून चिडवणं झालं, नवरा-बायकोंना प्रश्न विचारून झाले, आंधळ्या कुत्र्याची गोष्ट झाली. नळी काही बंद होईना. मी बाजूच्या पायऱ्यांवर टॉवेलांचा ढीग घेऊन उभी होते, त्यामुळे मला दिसलं. त्याने एक विनोद सुरू केला, मधेच थांबला, आणि आपण तो मघाशीच सांगितलाय हे त्याच्या लक्षात आलं. तो तसाच उभा राहिला. 

पुढच्या रांगेत एक लठ्ठशी म्हातारी होती, त्या दिवशी आलेल्या ओल्डमच्या बेकरीवाल्यांपैकी. मिसेस एकर्स्ली तिचं नाव, नंतर कळलं. ती मोठ्याने म्हणाली, “काय रे पोरा, दमलास का?”

नेव्हिल म्हणाला, “हो मावशी. फार दमलो.”

आणि तो रंगमंचाच्या पायरीवर बसला. अकरा वर्षांत मी त्याला प्रेक्षकांसमोर बसलेलं पाहिलं नव्हतं. मग त्याने सांगून टाकलं. सपाता, डबा, गालिच्यांचं दुकान. हसवण्यासाठी सांगत नव्हता. लोकांनाही कळेना, हसायचं की नाही.

मिसेस एकर्स्लीने विचारलं, “मग घेतलं का रे आत?”

“घेतलं. पोरी चांगल्या होत्या. गालिच्यांच्या गुंडाळीवर बसवून चहा दिला. म्हाताऱ्याने चहा घेतला आणि म्हणाला, आमच्या वेळी कामावर असलं बसून राहिलेलं चालायचं नाही.”

आता हसले. मिसेस एकर्स्लीचं हसू विचित्र होतं. आधी शिट्टीसारखा श्वास आत ओढायची आणि मग कोणी लाकडी जिन्यावरून धडधडत खाली यावं तसं हसायची. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, “आमचे हे शेवटी शेवटी मला मोलकरीण समजायचे. एक दिवस कानात सांगतात, बायको बाहेर गेली की तू पण थोडी बस, ती फार कजाग आहे.”

“मग तुम्ही काय केलंत?” नेव्हिलने विचारलं.

“काय करणार! बसले. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांनी मला बसायला सांगितलं होतं.”

सगळी रांग कोसळली. मागून एक टकला माणूस उठला आणि त्याची आई पोस्टाच्या पेटीला रोज नमस्कार करून हवापाणी कसं विचारायची ते सांगू लागला. मग आणखी कोणी. एकदा पाव साच्याऐवजी बॉसच्या हॅटमध्ये कसा भाजला गेला, याचीही गोष्ट झाली. नेव्हिल मधूनमधून एखादा प्रश्न विचारी, बाकी ऐके. पायरीवर बसून, जॅकेटची बटणं सोडून तो पोट धरून हसत होता. मी त्याला हसवताना हजारदा पाहिलं होतं, हसताना असं पाहिलं नव्हतं. पडद्याआड सुतार, विजेवाले, मेकअपच्या मुली, सगळे येऊन उभे राहिले होते. गॅरेथही होता, गुरांच्या डॉक्टरचा पांढरा कोट घालून. तो हसत नव्हता. परीक्षेच्या निकालाचा फलक वाचावा तसा बघत होता.

वीज आली. रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झालं आणि कोणी हसेना. माणसं प्रेमाने बघत होती, टाळ्याही वाजवत होती, पण त्यांचं पोट भरलं होतं. गॅरेथने गुरांच्या डॉक्टरचा प्रसंग तीनदा केला. तिसऱ्या वेळी मिसेस एकर्स्लीला झोप लागली.

प्रेक्षक गेल्यावर एड्रियन कपडेपटात आला. मी गॅरेथच्या अंगातल्या कोटाची बटणं सोडत होते, नेव्हिल टोपलीपाशी बूट सोडत होता.

“ती माणसं मी तुला तापवायला दिली होती,” एड्रियन म्हणाला. “तू ती शिजवून खाल्लीस.”

“तूच म्हणालास धरून ठेव.”

“माझ्यासाठी धरून ठेव म्हणालो! तुझ्यासाठी नाही! पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस.”

 आरशात गॅरेथचे आणि माझे डोळे भिडले. त्याने तोंड उघडलं, मग खाली बघून स्वतःच शेवटचं बटण सोडलं. नेव्हिलने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बहुतेक त्याला अडचणीत टाकायचं नव्हतं. बुटाची नाडी पुन्हा बांधून तो उठला, मला म्हणाला, “हिल, येतो गं,” आणि गेला. जॅकेट टोपलीवरच राहिलं.

वसंतात ती मालिका टीव्हीवर लागली. घरी इस्त्री करता करता मी बघत होते. गुरांच्या डॉक्टरचा प्रसंग आला. गॅरेथ गाईला म्हणतो, जीभ दाखवा, आणि त्यावर असा हशा उसळला की माझ्या हातातली इस्त्री थांबली. आधी शिट्टीसारखा श्वास, मग लाकडी जिना. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. मिसेस एकर्स्लीच! त्या संध्याकाळी पायरीवर बसलेल्या नेव्हिलसमोर माणसं जी हसली होती, ते सगळं आवाजाच्या यंत्रांनी टिपून ठेवलं होतं आणि तेच हसू कापून गॅरेथच्या वाक्यांमागे चिकटवलं होतं.

मी ताबडतोब हार्टलपूलला फोन लावला.

“नेव, टीव्ही बघतोयस का?”

“बाबा स्नूकर बघतायत. का?”

मी सांगितलं. पलीकडून स्नूकरच्या चेंडूंचा आवाज येत होता.

“कुठल्या वाक्याला लावलंय?” त्याने विचारलं.

“गाईच्या जिभेच्या.”

“ते वाक्य वाईट होतं.”

“फारच वाईट.”

“चला,” तो म्हणाला, “म्हणजे हसू वाया गेलं नाही.” आवाजात कडवटपणा नव्हता, आणि आनंदही नव्हता. सामान वाहून खाली ठेवताना माणूस बोलतो, तसं काहीसं होतं. “हिल, ठेवतो आता. बाबांना उठवून न्हाणीघरात न्यायचंय.”

नेव्हिल वडिलांपाशीच राहिला. नगरपालिकेची एक छोटी बस होती, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात, बाजारात नेणारी. ती तो चालवू लागला. वडिलांना शेजारच्या सीटवर बसवून न्यायचा. अर्नेस्टला वाटे आपण कामावर चाललोय, त्यामुळे तो खूश असे.

दोनेक वर्षांनी गॅरेथची मालिका बंद झाली. लोकांना नवीन चेहरे हवे होते. एका रविवारी गॅरेथने मला फोन केला, “हार्टलपूलला जायचंय. तू चल ना. मला एकट्याला जायची हिंमत होत नाही.”

नेव्हिलच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. कागदात गुंडाळून आणलेले मासे आणि बटाट्याचे काप मधे उघडे. अर्नेस्ट खिडकीपाशी काप मोजून मोजून खात होता. गॅरेथ जाड झाला होता. दात मात्र तसेच.

“नेव, ते हसू तुझं होतं, मला माहीत होतं,” तो म्हणाला. “जोडताना मी खोलीत होतो. मी एड्रियनला म्हणालो, छान बसलंय.”

नेव्हिल माशाचे काटे काढत राहिला. “व्हिनेगर देऊ का?”

“अरे मी काय सांगतोय!”

“ऐकलं मी. व्हिनेगर हवंय की नको?”

गॅरेथने बाटली घेतली, पण ओतली नाही. “एडिंबरोला ऑगस्टमध्ये एक खोली मिळतेय. आपण दोघं. पूर्वीसारखं. कॅमेरे नाहीत, काही नाही, फक्त माणसं. तुला जमतं ते मला आजवर कधी जमलेलं नाही. तू नुसता पायरीवर बसलास तरी...”

“गॅरेथ,” नेव्हिल म्हणाला, “मी सकाळी सहाला उठतो. बाबांचं करतो. मग मिसेस ट्रिंबलना डायलिसिसला नेतो, त्या वाटभर जावयाला शिव्या देतात. संध्याकाळी परत आणतो, तेव्हा त्यांच्यात शिव्या द्यायचीही शक्ती नसते. घरी येऊन पुन्हा बाबांचं. मला आता कोणाला हसवावंसंच वाटत नाही.”

“थोडे दिवस विश्रांती घे, मग...”

“ही विश्रांतीच आहे रे.”

अर्नेस्टने खिडकीपाशी बसूनच विचारलं, “हा उंच माणूस कोण आहे?”

“माझा मित्र आहे, बाबा. गॅरेथ.”

“काय काम करतो?”

नेव्हिलने बाबांची बशी जवळ सरकवली. “सध्या घरी आहे.”

“घरी बसणं वाईट,” अर्नेस्ट गॅरेथला म्हणाला आणि आपल्या बशीतले दोन काप उचलून त्याच्यापुढे ठेवले. गॅरेथने ते खाल्ले. खाता खाता त्याचे डोळे भरले, तेव्हा नेव्हिल उठून चहा करायला गेला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ कपाटात साखर शोधत राहिला.

जेवण झाल्यावर गॅरेथ बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर टेकला आणि तिथेच झोपला. जागा झाला तेव्हा गाडीची वेळ झाली होती. नेव्हिलने आम्हाला त्या छोट्या बसने स्टेशनवर सोडलं. फलाटावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली, जरा अवघडून. गॅरेथ म्हणाला, “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.” नेव्हिल म्हणाला, “हो, बोलायला हवं होतंस.” एवढंच. मग गाडी आली.

गॅरेथ एडिंबरोला एकटाच गेला. कसंबसं झालं, असं त्याने नंतर सांगितलं. आता तो कार्डिफमध्ये नाटक शिकवतो. नाताळात नेव्हिलला फोन करतो. दोघं हवेबद्दल आणि दुखण्यांबद्दल बोलतात.

अर्नेस्ट दोन हजार एक साली गेला. आता बस सोडून दुसरं काही कर, असं मी नेव्हिलला म्हटलं. त्याने सोडली नाही. मागच्या शरद ऋतूत मी त्याच्याकडे गेले, तेव्हा तो मला बसमधून समुद्रापर्यंत घेऊन गेला. मागे चार-पाच म्हाताऱ्या होत्या. त्यातली एक, टोपी घातलेली, ओरडली, “ड्रायव्हर, काहीतरी बोला की! तुम्ही म्हणे पूर्वी टीव्हीत होता!”

“टीव्हीत नव्हतो, बाजूला होतो,” नेव्हिल म्हणाला. “तुम्ही बोला. मी ऐकतो.”

ती तिच्या सुनेबद्दल बोलू लागली. नेव्हिलने आरशात बघून मान हलवली, खिडकी थोडी खाली केली आणि वळणावर बस सावकाश घेतली, कारण मागच्या एकीच्या मांडीवर अंड्यांची टोपली होती.